काचेखालचा वाफा

आमच्या घरातला सर्वांत चांगला कोबी आम्ही कधीच खाल्ला नाही. स्वयंपाकघराची खिडकी आणि शेजाऱ्यांची भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी जमीन होती, तिच्यात आई दर वर्षी कोबी लावत असे. गड्डे भरू लागले की ती वाफ्याच्या कडेने वाकून चालायची, एकेका गड्ड्यावर अंगठा दाबून पाहायची आणि जे सर्वांत घट्ट, ज्यांची पाने एकमेकांना सर्वांत जास्त बिलगून बसलेली, त्यांच्या शेजारी काटकी रोवायची. काटकी रोवलेल्या गड्ड्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. फुटलेले, पोचट, अळीने चाळण केलेले गड्डे स्वयंपाकघरात येत आणि निवडलेले बाहेर थंडीत उभे राहत.

"या घरात माणसांना दुय्यम माल मिळतो," बाबा ताटाकडे पाहत म्हणायचे. "पहिल्या प्रतीचा सगळा मातीसाठी राखीव."

"मातीने कधी मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं नाही," आई म्हणायची.

कोबी पहिल्या वर्षी बी देत नाही. त्याला एक अख्खा हिवाळा मातीत उभे राहावे लागते, थंडी अंगावर घ्यावी लागते. मग वसंतात गड्ड्याच्या पोटातून दांडा वर येतो, पिवळी फुले लागतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बारीक शेंगा भरतात. थंडी सरली की आई प्रत्येक गड्ड्याच्या डोक्यावर सुरीने हलकी फुली मारायची, म्हणजे दांड्याला बाहेर यायला वाट मिळे. शेंगांवर जुन्या चादरीचे कापड बांधायची, पाखरांपासून वाचवायला. असे तिने सव्वीस वर्षे केले. सव्वीस वर्षांच्या निवडीने तो कोबी हळूहळू दुसऱ्या कुठल्याच कोबीसारखा राहिला नव्हता. त्याच्या पानांच्या कडांना किंचित जांभळी झाक होती आणि तो बाजारात कुठे मिळत नव्हता.

मग एका वर्षी शेंगा पिकायच्या वेळीच पाऊस लागला आणि बी शेंगेतल्या शेंगेत काळे पडले. डब्याच्या तळाशी जुने बी होते, तेवढेच उरले. गेल्या उन्हाळ्यात आईने ते सगळे पेरले. तेव्हा ती आजारी होती आणि उकिडवे बसणे तिला जमत नव्हते. स्टुलावर बसून तिने बोटांनी एकेक दाणा मातीत दाबला. त्यातून अकरा रोपे उगवली.

पानगळीच्या दिवसांत ती इस्पितळात होती. शेवटच्या आठवड्यात ती फारसे बोलत नसे. एका दुपारी तिने डोळे न उघडताच म्हटले, "कोबी काढू नका. अकराच्या अकरा राहू दे. एवढा हिवाळा काढला की झालं."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो आणि बाबा खिडकीपाशी. ती कोणाला उद्देशून बोलली हे मी अनेकदा आठवून पाहिले आहे. मला वाटले, ती मला म्हणाली. बाबांना काय वाटले ते मी विचारले नाही. चार दिवसांनी ती गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघे आणि बाहेर अकरा कोबी, एवढेच उरलो.

*

मी काचेच्या दुकानात काम करतो. खिडक्यांची तावदाने मापाने कापून द्यायची, लाकडी चौकटीत बसवायची, कडेने पुट्टी भरायची, अंगठ्याने ती घोटून गुळगुळीत करायची. हे काम माझ्या स्वभावाला मानवते. काचेशी बोलावे लागत नाही. काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढताना श्वास रोखायचा आणि मग दोन्ही हातांनी अलगद दाबायचे. रेघ नीट ओढली असेल तर काच स्वतःहून दुभंगते, कण्हल्यासारखा एक लहानसा आवाज करून. गिऱ्हाईक आले की मालक पुढे होतात. "आमच्या या कारागिराच्या तोंडाला झाकण आहे," ते म्हणतात, "पण हात सोन्याचा."

हिवाळा तोंडावर आला तेव्हा एका शाळेच्या जुन्या खिडक्या दुकानात आल्या. चौकटी कुजलेल्या होत्या, काचा मात्र शाबूत. मी मालकांना विचारले. विचारायला मला दोन दिवस लागले.

"घेऊन जा की," मालक म्हणाले. "एवढंच विचारायचं होतं? मला वाटलं, लग्नबिग्न ठरलं तुझं. कालपासून नुसता येरझाऱ्या घालतोयस."

मी काचा हातगाडीवर घालून घरी आणल्या आणि सलग दोन सुट्ट्यांमध्ये त्या वाफ्यावर एक काचघर उभे केले. गुडघाभर उंच, उताराच्या छपराचे. आईने काचघर कधी केले नव्हते. तिचे सगळे काम पेंढा, गोणपाट आणि दोनचार सुटी तावदाने यांच्यावर चाले. ती तावदानेही ती विटेवर तिरकी टेकवून ठेवायची, एक बाजू उघडी टाकून. मला ती उघडी बाजू आठवत होती. पण मला वाटले, तो तिचा नाइलाज असेल. तिला काच बसवता येत नव्हती, मला येते. मी प्रत्येक सांध्यात पुट्टी भरली आणि घोटली. तपासणीसाठी भिंतीच्या बाजूचे एकच तावदान सुटे ठेवले, तेही खाचेत इतके नेमके बसणारे की वारा आत शिरायला केसभर जागा नव्हती. इतके सफाईदार काम मी दुकानातही कधी केले नसेल. ते करताना मला रडू आले नाही. आई गेल्यापासून मला रडू आलेच नव्हते. जे डोळ्यांतून यायचे होते ते बहुधा माझ्या अंगठ्यातून त्या पुट्टीत उतरत होते.

भिंतीपलीकडून शेजारचे काका पाहत होते. त्यांना आम्ही घरात 'हवामानखाते' म्हणत असू. हे नाव आईनेच ठेवलेले. रोज सकाळी भिंतीवर कोपरे टेकून ते आभाळ निरखायचे आणि दिवसाचा अंदाज सांगायचे. त्यांनी ऊन म्हटले की आई छत्री घेऊन बाहेर पडे.

"वा, महाल बांधलास," ते म्हणाले. "राणीसरकार कोण राहणार आत?"

मी हसलो.

"पण फट कुठेय रे याला?"

"कसली फट, काका?"

"श्वास घ्यायला! अरे, झाडं ती. बरणीत लोणचं घातल्यासारखी काय बंद करून टाकलीस? एक बोटभर तरी फट ठेव वरच्या अंगाला."

"थंडी फार पडणार आहे म्हणतात."

"कोण म्हणतं? माझं ऐक, यंदा थंडी नावापुरती."

हे ऐकून माझी उरलीसुरली शंकाही मिटली. काकांनी थंडी नाही म्हटले, म्हणजे कडाका पडणार. आणि खरोखरच त्या आठवड्यात पहिले दहिवर पडले. सकाळी दार उघडले तर गवताची पाती पांढरी, ताठ, पायाखाली काचेच्या चुऱ्यासारखी मोडणारी. बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा. मी अनवाणीच वाफ्याकडे धावलो. बाहेरचे सारे जग रात्रीतून म्हातारे झाले होते आणि काचेच्या आत ते अकरा गड्डे हिरवेगार बसले होते. त्या वेळी मला झालेला आनंद हा त्या साऱ्या वर्षातला माझा एकमेव आनंद.

काचेला आतून धुके धरले होते. बारीक थेंब एकमेकांत मिसळून ओघळत होते. मी बोट टेकवले, बाहेरून. मला वाटले, हे त्यांचे उच्छ्वास आहेत.

*

घरात बाबा आणि मी एकमेकांना फार जपत होतो. आई होती तेव्हा आमचे बोलणे तिच्यामार्फत होई. "त्याला म्हणावं, स्वेटर घाल," बाबा मी समोर असताना आईला सांगत. "त्यांना सांग, घातलाय," मी म्हणे. आई वैतागून म्हणायची, "मी काय तारऑफिस आहे का तुमचं?" आता तारऑफिस बंद पडले होते आणि आम्हा दोघांपाशी न धाडलेल्या तारांचा ढीग साचत होता.

बाबा चौतीस वर्षे शहराच्या पाणीपुरवठ्यात होते. रस्त्यांखालच्या झडपा ठरल्या वेळी उघडायच्या आणि बंद करायच्या, हे त्यांचे काम. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून ते निघाले की बायका खिडकीतून विचारत, "चावीवाले, आज किती वेळ?" आणि ते म्हणत, "तुमच्या हंड्यांना विचारा." पाणी सोडणे एवढीच माया त्यांना करता येत होती. लहानपणी मला ताप आला की ते डोक्याशी बसत नसत. दर तासाला पाण्याचा पेला आणून ठेवत आणि निघून जात. रात्रीतून माझ्या उशाशी पाच-सहा भरलेले पेले जमत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातांना काही काम उरले नव्हते.

मी सकाळी आठला बाहेर पडत असे आणि अंधार पडायच्या सुमारास परतत असे. परतल्यावर काचघराभोवती एक फेरी मारायची, सांधे चाचपायचे, तडा दिसला तर पुट्टी भरायची. सुटे तावदान मी उघडत नसे. उघडले तर दिवसभराची ऊब निघून जाईल, अशी मला भीती वाटायची. धुक्याआडून हिरवे गोळे दिसत, तेवढे मला पुरे होते.

रविवारी ताईचा फोन येई. ताई दूरच्या शहरात राहते, सहाव्या मजल्यावर. तिचा पहिला प्रश्न नेहमी एकच.

"कोबी कसे आहेत?"

"छान आहेत."

"मला खरं सांग. तू 'छान' असं म्हणालास की मला धडकी भरते. परीक्षेत नापास झाला होतास तेव्हाही छानच म्हणाला होतास."

"खरंच छान आहेत, ताई. हिरवेगार."

"तेवढंच राहिलंय रे तिचं," ताई म्हणायची. "साड्या मी वाटून टाकल्या, भांडी तुम्ही वापरता. पण हे तिने केलेलं आहे. तिने घडवलेलं. बी धरलं ना, की मला मूठभर पाठव. मी गच्चीत डबे ठेवीन. उगवो न उगवो."

"पाठवीन."

बाबा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत असत. त्या वेळात त्यांनी पान उलटल्याचे मला कधी आठवत नाही.

*

हिवाळ्याच्या ऐन मध्यावर एके दिवशी माझा हात कापला. चूक माझीच होती. रेघ ओढताना मन जागेवर नव्हते. मालकांनी घाव बांधला, वरून चार शिव्या दिल्या आणि घरी पिटाळले. दहा वाजले असतील. मी पुढच्या दाराने आत आलो, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि खिडकीशी थबकलो.

बाबा वाफ्याशी होते. आईच्या त्याच स्टुलावर. भिंतीकडचे तावदान त्यांनी काढून शेजारी उभे करून ठेवले होते आणि झारीने आत पाणी घालत होते. झारीच्या तोंडातून वाफ येत होती; त्यांनी पाणी कोमट करून आणले होते. एका गड्ड्याला पाणी, मग थोडे थांबणे, मग दुसऱ्याला. आणि ते बोलत होते. खिडकीची वरची झडप उघडी होती, त्यामुळे मला शब्द ऐकू येत होते.

"आज पुन्हा चहावर गेला," ते सांगत होते. "मी डबा भरून ठेवला तर म्हणतो, भूक नाही. भूक नाही काय? खुंटीला अडकवलेल्या कोटासारखा दिसायला लागलाय. तू असतीस तर पाठीत धपाटा घातला असतास. मला जमत नाही. मी हात उचलला तर तो घाबरेल आणि खाली ठेवला तर मी रडेन." मग पुढच्या गड्ड्याकडे वळून, "काच मात्र अशी बसवलीय पोराने, बघत राहावं. माझ्या बाराशे झडपांत एक झडप अशी बसली नसेल. सांगणार होतो त्याला. राहूनच जातं."

त्यांनी अकराही झाडांना पाणी दिले, झारीत उरले होते ते वाफ्यावर ओतले, बाहीने काच पुसली आणि तावदान परत खाचेत बसवले. अगदी नेमके. मी केले असते तसेच.

मी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. ते आत आले, झारी जागेवर ठेवली आणि आतल्या खोलीत गेले. त्यांना मी दिसलो नाही. थोड्या वेळाने पुढचे दार वाजवून, जणू आत्ताच आलो, असा मी घरात शिरलो.

"हाताला काय झालं?" त्यांनी विचारले.

"लागलं थोडं."

ते आत गेले आणि पाण्याचा पेला घेऊन आले.

दुपारी ते झोपल्यावर मी वाफ्याशी गेलो आणि कित्येक आठवड्यांनी ते तावदान उघडले. आतून जो वास आला तो मी आधी कधी घेतला नव्हता, तरी ओळखला. बंद खोलीत फुलदाणीतले पाणी बदलायचे राहून जाते, तसा. माती काळी, चिकट, बोट घातले तर पाणी वर येत होते. गड्डे वरून अजून हिरवे होते, पण खालच्या पानांचे देठ पिवळट, पारदर्शक झाले होते आणि पाच झाडांच्या बुंध्यापाशी करडी बुरशी लोकरीसारखी चढली होती. काचेवरचे ते धुके, ज्याला मी उच्छ्वास समजून रोज बोट टेकवत होतो, ते बाबांनी घातलेले पाणी होते. त्याला बाहेर जायला मी वाट ठेवली नव्हती.

सहा झाडे अजून घट्ट होती. मी प्रत्येक बुंधा चिमटीत धरून पाहिला. सहांची आशा अजून सुटली नव्हती. दोन जरी उरली असती तरी चालले असते. एकटे कोबीचे झाड फुलते, पण बी धरत नाही. त्याला दुसऱ्याचा पराग लागतो. दोन पुरे होती. काय करायचे तेही स्पष्ट होते. सांध्यांतली पुट्टी खरवडून फट मोकळी करायची आणि बाबांना सांगायचे, आता महिनाभर पाणी नको.

एवढे एकच वाक्य होते ते. 'बाबा, पाणी नको.'

मी चाकू आणला. पहिल्या सांध्याला टोक लावले आणि मला ते शब्द ऐकू आले, 'अशी बसवलीय पोराने, बघत राहावं.' उद्या ते इथे येऊन बसतील आणि त्यांना खरवडलेले सांधे दिसतील. ते विचारतील का? नाही विचारणार. पण त्यांना कळेल, की मी पाहिले आहे, ऐकले आहे. मग ते या स्टुलावर पुन्हा बसणार नाहीत. मग ते कोणाशी बोलतील? माझ्याशी तर नाही. दिवसभरात त्यांना बोलता येईल अशी एवढीच जागा होती आणि पाणी हे तिथे जाण्याचे निमित्त होते. ते मी काढून घेतले की ते रिकाम्या हातांनी घरात बसतील, आणि तसे बसलेले त्यांना पाहणे मला सोसणार नव्हते.

मी बुरशीची पाने खुडली, लांब नेऊन टाकली आणि तावदान लावून टाकले. उद्या सांगू, असे मी ठरवले. जेवताना, सहज, दुसऱ्या कशाच्या तरी ओघात.

*

जेवताना मी म्हणालो, "बाबा."

"हं?"

"थोडं मीठ द्या."

दुसऱ्या दिवशी मी वाक्य बदलले. 'शेजारचे काका म्हणत होते, जास्त पाण्याने मुळं कुजतात.' असे काकांवर ढकलले की ते कोणालाच लागणार नाही. दुकानात दिवसभर मी ते मनात घोकले. घरी आलो तर बाबा दारात उभे होते आणि त्यांच्या गुडघ्यांवर ओल्या मातीचे दोन गोल होते. त्यांचा चेहरा इतका शांत होता, की मी त्या वाक्यासकट आत निघून गेलो.

रविवारी ताईचा फोन आला तेव्हा बाबांनीच घेतला.

"टवटवीत आहेत एकदम," ते सांगत होते. "तुझ्या भावाने महाल बांधलाय त्यांना. अगं, मी बघतो ना रोज. म्हणजे... येताजाता दिसतात ना." आणि त्यांनी चोरून माझ्याकडे पाहिले. मी बुटाची नाडी बांधत होतो. कुठे जायचे नव्हते, तरी बांधत होतो.

असे किती दिवस गेले ते मी लिहू शकतो, पण लिहिणार नाही. प्रत्येक दिवशी सकाळी मला वाटे, अजून वेळ आहे, आणि प्रत्येक संध्याकाळी मी काचघराला फेरी मारी, आणि आत पाहत नसे. बोटांनी सांधे मात्र चाचपत असे. ते सगळे पक्के होते.

मग एकाएकी हवा फिरली. दोन दिवस ऊन पडले, छपरांवरून पाणी ठिबकू लागले आणि हवामानखाते भिंतीवर कोपरे टेकून म्हणाले, "म्हटलं नव्हतं? नावापुरती थंडी! गेली बघ." या वेळी ते बरोबर होते. त्या उन्हाने काचघराच्या आत भट्टी पेटली. दुपारी मी दुकानातून सुट्टी मागून आलो, कारण मला आता आणखी न पाहणे शक्य नव्हते.

बाबा आधीच तिथे उभे होते. तावदान काढलेले. झारी पायाशी, भरलेली.

"ये," ते म्हणाले. एवढेच.

मी गुडघे टेकले. पहिल्या गड्ड्याला हात लावला तर तो हातात आला. बुंध्यापासून अलगद सुटून, ओढावेही न लागता. आत तपकिरी लगदा होता. दुसराही तसाच. तिसरा बोटांखाली दबला आणि त्यातून पाणी आले. मी एकेक उचलून बाहेर ठेवत गेलो. बाबा वाकून पाहत होते आणि त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. दहाव्यापर्यंत सगळे तसेच निघाले. अकरावा, कोपऱ्यातला, जिथे छपराच्या काचेवरून ओघळणारे पाणी पोचत नव्हते आणि झारीचा हातही जेमतेम पोचत असेल, तो जागचा हलला नाही. मी तो दोन्ही हातांनी धरून हलवला. घट्ट होता. पानांच्या कडांना जांभळी झाक होती.

"हा आहे की!" बाबांचा आवाज फुटला. "हा आहे! एक आहे ना रे? एक तरी वाचला!"

"एकट्याला बी धरत नाही, बाबा."

"फुलेल तरी."

"फुलेल. बी धरणार नाही."

त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू खाली बसले, स्टुलावर नव्हे, ओल्या जमिनीवरच. दहा सडके गड्डे आमच्यामध्ये पडले होते. पलीकडे काकांच्या घरात कोणीतरी भांडी घासत होते आणि तो आवाज अतिशय नेहमीचा होता.

"पाणी कमी पडलं का रे?" त्यांनी विचारले.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते खरोखरच विचारत होते. चौतीस वर्षे ज्याने शहराला पाणी सोडले त्याच्या लेखी या जगात एकच उणीव असू शकत होती.

"नाही," मी म्हणालो. "पाण्याचं काही नाही. मी फट ठेवायला हवी होती. हवा कोंडली."

त्यांनी जवळचा एक सडका गड्डा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "तुझी आई ठेवायची फट."

"हो."

"मला दिसत होतं ते. पहिल्या दिवसापासून दिसत होतं, की याने फट ठेवलेली नाही. रोज म्हणायचो, आज सांगू. पण तू इतका जीव लावून बसवली होतीस काच." त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसले. "म्हटलं, तेवढंच करतोय पोरगा. त्यात मी कुठे खोट काढू? तुला काय वाटलं असतं?"

माझ्यापाशीही एक तसेच वाक्य होते, शब्दाला शब्द जुळणारे, आणि या क्षणी मी ते काढून त्यांच्या वाक्याशेजारी ठेवायला हवे होते. ठेवले असते तर कदाचित त्या वाफ्यात काहीतरी उगवले असते. पण ते ठेवायचे म्हणजे त्यांना सांगायचे, की दहाही झाडे तुमच्या झारीने गेली, आणि मी खिडकीतून पाहत होतो.

"माझ्यामुळे गेले," बाबा म्हणाले. "मी बोललो असतो तर वाचले असते. आधी बोललो असतो तर." आणि मग मान वर करून, अगदी साधेपणाने, "तुला कधी कळलं? कुजायला लागलेत ते?"

त्यांच्या डोळ्यांत नुसती विचारणा होती. त्यांना फक्त एवढेच हवे होते, की गप्प राहण्यात त्यांना कोणाची तरी सोबत असावी.

"आजच," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. एकदा, आणि मग उगाचच आणखी एकदा. मग भिंतीला धरून उठले, भरलेली झारी उचलली, इकडेतिकडे पाहिले, आणि कुठे ओतावे हे न सुचून ती तशीच हातात धरून घरात गेले.